चादरीची उसवण

रात्री पावणेतीनला बेनिन सिटीत जागे असतात
जनरेटर, कुत्री,
आणि लग्नाची ऑर्डर घेऊन बसलेले शिंपी.
शनिवारी चौतीस जणींना एकाच रंगाचे झगे हवेत.
रिळांच्या डब्याला टेकवून मी फोन उभा केलाय,
त्यात एक घर झोपलंय.

दिवे गेले की त्या घराचा रंग शेवाळी होतो.
अंधारात बघणारे कॅमेरे,
कुणी कूस वळवली की डोळे मांजरासारखे लकाकतात.
अकरा पलंग. दहा जण घोरतायत.
अकरावा तामुनो.

तामुनो झोपत नाही.
उताणा पडून चादरीची किनार अंगठ्यानं चोळतो.
किती वेळ, ते मी घड्याळावर नाही मोजलं,
अडीच बाह्या शिवून झाल्या तेवढा वेळ.
किनार उसवत चाललीय,
हे त्या घरात कुणाला ठाऊक नाही.
मला ठाऊक आहे. दोरा कच्चा आहे, टाका लांब घातलाय.

भिंतीभिंतीत भिंगं आहेत, हे तो जाणतो.
पण जाणत जाणत माणूस किती दिवस राहणार?
तिसऱ्या आठवड्यात कधीतरी विसरला.
त्या विसरण्यासाठी मी डेटा विकत घेते,
पेट्रोलच्या पैशातून.

संध्याकाळचा तासाभराचा भाग
आम्ही सगळ्या इतोहानच्या सलूनमध्ये बघतो.
चोवीस तासांचं कापड तासाभराच्या अंगाला बेतलेलं.
बेतणं मला कळतं,
चिंध्या कुठे सरकवतात तेही कळतं.
त्या कापात तामुनो दुष्ट आहे.
रश्श्याच्या भांड्यावरून भांडतो,
खाली ढोल घुमतात,
आणि दार आपटतं, तीन वेळा, तीन बाजूंनी.
एकदाच आपटलं होतं.
मी जागी होते.

"हाकला मेल्याला," इतोहान म्हणते.
मी गप्प राहून टेबलाखाली मतं देते,
माझ्या फोनवरून, शिकाऊ पोरीच्या फोनवरून,
मशीन दुरुस्तीला आलेल्या एफोसाच्यासुद्धा.
तो म्हणाला, काकू, हा कोण लागतो तुमचा?

रविवारी त्याला काढलं.
निघताना त्यानं बेलेमाला मिठी मारली,
गळ्यातला माइक दोघांच्या मध्ये चेपला,
आणि सलूनभर ऐकू आलं
धप. धप. धप धप.
त्याचं की तिचं, कळेना.
अर्धी वेणी झालेली एक बाई
खुर्चीतून उठत म्हणाली, आवाज वाढवा गं.
थेट चालू होतं म्हणून निसटलं ते.
उद्याच्या भागात त्यावर गाणं चढवतील.

आता पावणेतीन.
पलंग रिकामा, कॅमेरा तिथंच वळलेला;
त्याला कुणी सांगितलं नसावं.
चादर बदललेली आहे.

नोसाखारे, माझा नवरा, बॉनीच्या पुढे समुद्रात
तेलाच्या फलाटावर असतो, अठ्ठावीस दिवस तिकडे.
जेवलास का, पैसे पोचले का, नेटवर्क जातंय.
तो तिथं कुठल्या कुशीवर झोपतो
हे मला सांगता येणार नाही.
तामुनोचं विचारा.

फोन लावला. म्हटलं, ठेवू नकोस,
उशीपाशी राहू दे.
"दिसणार काय? इथं मिट्ट काळोख आहे."
बघायचं नाहीये.
हसला. वेड लागलंय तुला, म्हणाला. मग ठेवला नाही.

काळ्या पडद्यात माझंच तोंड, ओठांत टाचण्या.
पलीकडे यंत्रांची घरघर,
तिच्याखाली कुठेतरी श्वास,
मध्येच अडकणारा, गोल फिरत राहणारा,
पुन्हा येणारा.
एकदा तो काहीतरी पुटपुटला.
आकडे होते. कसले तरी दाब, कसली तरी वेळ.
मग एक नाव, नीट लागलं नाही.

मी पायडलवरून पाय काढला.
मशीन चालू असती तर हेही गेलं असतं.
सहा झगे राहिलेत.
डेटा संपायला किती, ते बघितलं नाही.