सतव्यातली मापं

दुबईत, सतव्याच्या गल्ल्यांत, जुन्या माणसांना बोलतं करायला निघाले
तेव्हा पहिला प्रश्न ठरवून नेला होता:
किती वर्षं झाली इथे?

कुन्हीमोनने चहा उंचावरून ओतला,
फेस बसेपर्यंत थांबला.
"दोन वर्षं."
मी मान वर केली. भुवयासुद्धा पांढऱ्या.
"व्हिसा दोनच वर्षांचा असतो ना.
अशी दोन-दोन. सतरा वेळा."
मी वहीत चौतीस लिहिलं.
त्याने वाकून बघितलं. तसं नको, म्हणाला,
दोन लिही
आणि पुढे जागा सोड.

दुर्बीबी बलुची. खिडकीतला एसी इतका घरघरत होता
की मी म्हटलं, जरा बंद करू या, आवाज स्वच्छ येईल.
एसी बंद झाला. तीही बंद झाली.
पुन्हा लावला तेव्हा कुठे बोलायला लागली:
माडाच्या झावळ्यांचं घर, वाळूत रुतणारी सायकल,
समुद्र पायी जायच्या अंतरावर होता,
आता टॅक्सीचे पैसे पडतात.
माझ्या सगळ्या ध्वनिमुद्रणांत ती घरघर आहे.
काढता येते म्हणतात. मी काढलेली नाही.

लोर्ना म्हणाली, माझं नाव नको, भिंतीचा फोटो घे.
भिंतीवर हिरव्या रंगात आकडा,
पाडायच्या घरांवर घालतात तसा.
पाडायचं राहून गेलं.
तिने आकड्याच्या वर खिळा ठोकून मनीप्लांट टांगलाय,
आता त्यातला सात तेवढा दिसतो.

गफूर मुकादम, बाणकोटचे, टेलर.
फोन पुढे केला तर हातानेच बाजूला सारला.
"तोंडानं काय सांगू बाय, माझं सगळं लिहिलेलं आहे."
काउंटरखालून वह्या काढल्या, तेलकट, दोऱ्याने बांधलेल्या.
नाव, गळा, छाती, बाही, तारीख.
हा बघ, लग्नाआधी कंबर तीस, मग चौतीस, मग मुलगी झाली तेव्हा छत्तीस.
हा पठाण, यानं कधी काही शिवलंच नाही,
दर ईदेला माप द्यायचा फक्त,
कापडाचे पैसे घरी धाडायचा.
मीही दर ईदेला घ्यायचो. घेताना काय जातं?

काही नावांवर आडवी रेघ, पुढे "गेला".
गावी की वर, ते लिहिलेलं नव्हतं.

तू कुणाची, त्यांनी विचारलं.
मी सांगितलं. तुळपुळ्यांची.
"ड्रायडॉकवाला?"
तिसरी वही. थुंकी लावून पानं.

बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची.
घरी त्यांचा आवाज नाही, तेव्हा कोण साठवत होतं,
एक कूलर आहे, आणि पाकिटं, त्यातल्या पत्रांत सगळं ठीक.
आणि इथे, निळ्या शाईत:
गळा पंधरा. छाती अडतीस. डावा खांदा उतरता.

डावा खांदा उतरता.
हे आई कधी बोलली नव्हती.

मी फोन चालू केला आणि ते पान मोठ्याने वाचलं,
माझ्याच आवाजात, एसीच्या घरघरीत.
बाही साडेतेवीस, म्हटलं.

"नाही बाय," गळ्यातली टेप सावरत गफूरभाई म्हणाले,
"लिहिलं साडेतेवीस. कापली पावणेचोवीस.
सुती कापड होतं.
धुतल्यावर आखडलं असतं."