सतरा नंबर

गटाराचं झाकण मागायला गेले होते पक्षाच्या कचेरीत,
परत आले ती मतदारयादीचं एक पान घेऊन.
घाडीगावकर म्हणाले, "भांडणारी माणसं लागतातच आम्हाला.
एवढं पान सांभाळा. तीस नावं. मग बघू."

तीस नावं म्हणजे आमचा जिना
आणि शेजारच्या इमारतीचा अर्धा.
कन्नमवार नगर, विक्रोळी. वीस वर्षं राहते इथे,
पण दुसऱ्या मजल्यावरच्या अन्सारींना मुलगी आहे
हे मला यादीनं सांगितलं.

नवरा म्हणाला, "राजकारण?"
जसं कुणी पोरीच्या पर्समध्ये बघून म्हणावं, "सिगरेट?"

संध्याकाळी लॅबमधून सुटले की चप्पल न काढता निघायचे.
फिलोमिना डिमेलो कधीच वसईला गेलेली, नाव इथेच.
चुरींची जुईली लग्नाआधीच्या आडनावात अडकलेली.
माझ्या नावापुढे मिशीवाला फोटो.
पक्ष कुठला, ते कुणी विचारलं नाही.
विचारलं, पाणी साडेचारला येतं ते सहाला कधी येणार?
मी वहीत लिहून घ्यायचे.
लिहून घेतलं की माणसं चहा ठेवतात,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग वॉर्ड समितीची निवडणूक लागली.
एरवी नाव वरून यायचं, फोनवर.
यंदा वरच्या दोन साहेबांचं आपसात जुळेना,
म्हणून आमच्याकडे लोकशाही आली.
व्यायामशाळेत डंबेल्स कोपऱ्यात सरकवली,
बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या.
अकरा विरुद्ध नऊ.
अकरातली एक माझी, माझ्याच नावाची,
लिहिताना कानापर्यंत तापले होते.

घाडीगावकरांनी बावीस वर्षांचा शिक्का पुसून दिला,
किल्ली दिली, झेंडे लावायची शिडी दाखवली.
"शिडी कुणी मागितली तर लिहून ठेवा," म्हणाले,
"लोक नेतात, आणत नाहीत."
आणि हार न घालता, हात न मिळवता
पॅन्टला पुसलेले हात घेऊन निघून गेले.

पहिलं काम : मयत नावं काढणे.
सतरा नंबर, प्रसन्न विठोबा तांडेल, वय सव्वीस.
त्याच्या आईनं फॉर्म वाचला. उलटा करून मागची बाजू वाचली.
"राहू दे की गं एवढं.
रेशनकार्डावरून गेला, बँकेतून गेला,
मोबाइलवाल्यांनी नंबर दुसऱ्याला देऊन टाकला.
या एका कागदावर
सरकारला तो अजून हवाय."

माझ्याकडे नियम होता, पाठ.
तो घशाशी आला आणि तिथेच बसला.
सीलिंग फॅनला एक पातं कमी असल्यासारखा आवाज येत होता.
मग मी म्हणाले, "काकू,
मतदानाच्या दिवशी पाचच्या सुमाराला
कुणीतरी दुसराच
प्रसन्न म्हणून बोटाला शाई लावून घेईल."

बराच वेळ त्या स्वतःच्या बोटाकडे बघत होत्या.
मग पेन मागितलं.
सही केली, आडनावाची वेलांटी लांब ओढून,
आणि विचारलं, "हे जुनं पान, याचं काय करतेस?"

पान मी दिलं त्यांना.
खरं तर द्यायचं नसतं.
त्यांनी ते दुधाच्या हिशोबात ठेवलं.

शिडी दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी नेली. मी लिहून ठेवलं नव्हतं.
गटाराचं झाकण अजून आलेलं नाही.
तिथे कुणीतरी जुन्या प्रचाराची फळी टाकली आहे,
तिच्यावर हात जोडलेला एक चेहरा,
सगळ्यांचे पाय पडून पडून नाकापर्यंत पुसलेला.
रोज सकाळी मी त्याच्यावरूनच जाते,
जरा कडेनं,
वही काखेत धरून.