गोटा, एक नग

महालात, बुधवार बाजारात, गोणपाटावर
शिंगाड्यांचे दोन ढीग: उकडलेले काळे, कच्चे हिरवे.
तागडीच्या एका पारड्यात
नदीतला गोटा, हातांनी गुळगुळीत झालेला.
मी ओळखपत्र दाखवलं.
पार्बता मारबते म्हणाली,
"काहून बाई, माया गोट्याले काय झालं?
सासूपासून पावाचाच हाय तो."

पाव कशाचा, हे मी विचारलं नाही.
कायद्यात पाव नाही. पावती आहे.

माझे वडील गांधीबागेत वजनं दुरुस्त करायचे.
लोखंडी वजनाच्या बुडाला भोक असतं,
त्यात शिसं ओतायचं, काट्यावर बघायचं,
थोडं खरवडायचं, पुन्हा बघायचं,
मग शिशावर सरकारचा छाप.
शिसं म्हणजे वजनाचा प्रामाणिकपणा, ते म्हणायचे,
आणि तो बुडाशी असतो, कोणाला दिसत नाही.

जुन्या दिवसांचं त्यांना कौतुक नव्हतं.
इतवारीचा शेर एक, कामठीचा दुसरा,
आणि एका आडत्याकडे, नाव त्यांनी कधी घेतलं नाही,
दोन होते: घ्यायचा थोरला, द्यायचा धाकटा.
आमच्या कोष्टीपुऱ्यात सूत यायचं धाकट्यानं.
किलोचा हुकूम निघाला तेव्हा
त्यांनी दुकानासमोर घण मारून शेर फोडले,
पितळेचे तर रडल्यासारखे वाजले म्हणे.
"राजीखुशीवर सोडलं असतं," ते म्हणायचे,
"तर ज्याच्याकडे दोन शेर, तो कशाला बदलला असता?"

म्हणून माझा सक्तीवर विश्वास आहे.
तीस वर्षं भरवसा ठेवूनच मी दंड लावला.

तरी झिरो माइलच्या खांबावर अंतरं मैलातच कोरलेली,
आणि चार दगडी घोड्यांना कोणी नोटीस दिली नाही.
बेश्यातला माझा प्लॉट चौरस फुटात,
मुलीचं लग्न ठरलं तेव्हा
उंची पाच फूट दोन, सोनं सहा तोळे,
साडी पाहिजे नऊवारीच.
मीही नाही म्हटलं नाही.
घरात मी निरीक्षक नसते.

गोटा जप्त केला. पंचनामा लिहिला.
साक्षीदार: शेजारचा लिंबूवाला, त्यानं अंगठा नाही, सही केली,
पूर्ण नाव, वळणदार, वेळ काढून.
कार्यालयात नेऊन काट्यावर ठेवला.
दोनशे सहासष्ट.

पुन्हा ठेवला. पंखा बंद करून ठेवला.
दोनशे सहासष्ट.

प्रत्येक पावाला सोळा ग्रॅम
ती देत आली होती. सासू देत आली होती.
बाजारात तीन पिढ्या
कोणाच्या तरी पिशवीत दोन शिंगाडे उगाच जास्त.
पायलीवर शीग लावायची पद्धत होती पूर्वी,
धान्य वर डोंगरासारखं उभं राहायचं,
आणि मोजताना पहिल्या मापाला एक नाही म्हणायचे,
लाभ म्हणायचे: लाभ, दोन, तीन.
ती शीगच या गोट्यात लपून बसली असावी.
किंवा नसेल. नदीनं तो जसा दिला
तसा तिनं घेतला, एवढंच असेल.

मी परत गेले, सांगायला.
ती हिशेब करू लागली, बोटांच्या पेरांवर,
मग पेरं संपली.
"मंग हे जास्तीचं गेलं ते कोन देईन वापस?
तुमचं सरकार?"

नमुन्यात तसा रकाना नाही.
कमी भरलं, किती कमी, दंड किती, एवढेच आहेत.
नियम बरोबर आहे, हे मी तिला सांगितलं,
आणि तो बरोबरच आहे,
कारण पुढच्या गल्लीत
दुसराही एक गोटा होता, दोनशे अकराचा.

तिनं एक मूठ उकडलेले शिंगाडे कागदात बांधले.
मी पैसे काढले. किती, म्हटलं.
"मोजू कशानं?" ती म्हणाली.