एकोणिसावा खांब

पहाटे साडेचारला मुहर्रकच्या कॉर्निशवर
हवा ओल्या पंचासारखी तोंडावर येते.
चष्मा दोन मिनिटांत आंधळा.
तो काढून मुठीत धरते
आणि खांब मोजते.

पूर्वी किलोमीटर मोजायचे.
आता दिव्याचे खांब:
एक पळायचा, दोन चालायचे,
असं डॉक्टर बदरियांनी सांगितलंय.
म्हणजे त्या फक्त 'हळूहळू' म्हणाल्या.
खांब माझे.

घोटा मोडला बाथरूमच्या उंबऱ्यावर,
सांगायलाही लाज वाटते.
सहा आठवडे प्लास्टर.
मग पोटरीत एक गुठळी,
उकड नीट घोटली नाही की राहते तशी,
आणि तिथून ती निघाली
ती थेट फुप्फुसात.
माझ्याआधी तीच पळाली.

पुढचे दहा महिने
सगळ्यांनी मला एकच शब्द वाढला.
दम धर, आई फोनवर.
जरा दमानं घे, मोठी वहिनी, तीही फोनवर.
दम लागतो का, दर पंधरवड्याला क्लिनिकमध्ये.
उन्मेषनं तर दमच दिला
आणि बूट कपाटावर टाकले,
सुटकेसच्या मागे, माझा हात पोचणार नाही असे.
एवढा दम घरभर,
आणि माझ्या छातीत
दुसऱ्या मजल्यापर्यंतही पुरेना.

गोळ्यांनी रक्त पातळ झालं.
कांदा चिरताना सुरी लागली
तर ओट्यापासून बेसिनपर्यंत थेंब.
मेथी मोजून. पालक नाहीच.
तीन हजार सहाशेची पगारकपात नाही झाली, हे नशीब,
असं मीच मला सांगायचे,
आणि मनगटावरचं घड्याळ दर तासाला थरथरायचं:
उठा, थोडं हिंडा.
एकदा ते मी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं.

आज तिसरा दिवस.
विमान उतरतंय डोक्यावरून, इतकं खाली
की चाकं दिसतात, चष्म्याशिवायही.
मशिदीतून परतणारे दोन म्हातारे
माझ्यापेक्षा वेगानं चालतात.
मांजर तर उठतसुद्धा नाही.

शमसुल अजून इथेच, तोच लांब दांड्याचा झाडू.
आपा, देश गया था?
इथे माणूस दिसेनासा झाला
की एक तर देशाला गेला,
नाही तर व्हिसा संपला.
आजारपण कुणी धरतच नाही हिशोबात.
हां, देश, मी म्हणाले.
फारसं खोटं नव्हतं.
कितने महिने? दस.
बाप रे, एवढी सुट्टी!
तो खरंच खूश झाला माझ्यासाठी.

सोळा. सतरा चालत. अठरा चालत.

जयसिंगपूरला शाळेच्या मैदानावर
मी पाटीत बसायचे, गुडघे दुमडून,
बोटं मातीत रोवून, टाच उचललेली.
मागून थाप आणि 'खो',
त्याआधी उठायचं नाही.
मी उठायचे.
संघाच्या निम्म्या फाऊल माझ्या.
कदम बाई ओरडायच्या,
अगं, तुला खो दिलाय का कुणी?

एकोणीस. पळ.

पोटरी जुनी ओळख दाखवत नाही.
श्वास आत जातो, कडेला कुठेतरी अडतो,
मी घाबरते, तो सुटतो.
घाम डोळ्यांत. समुद्राला आवाज नाही,
नुसता शेवाळ आणि डिझेलचा वास.
कामगारांची बस जाते,
खिडकीला डोकं टेकून एक जण झोपलाय,
काचेवर त्याच्या श्वासाचा गोल.
तेवढाच गोल. येतो, विरतो, येतो.
मी त्याच्या तालात चार पावलं टाकते,
मग बस निघून जाते.

खांबाला हात लावते.
पहाटे पावणेपाचलाही गरम आहे,
कालचं ऊन अजून सोडलेलं नाही यानं.
थाप मारते त्याच्या पाठीवर:
खो.
उठत नाही.

बरं.
मग मीच.
पण आधी दोन चालायचे आहेत,
आणि उन्मेषला सांगायचंय
की स्टूल मी आणलं होतं,
बूट स्वतः खाली पडले नाहीत.