आठ आकडे

पिंगेसाहेबांना आम्ही कधी पाहिलं नाही.
न्हावाशेव्यात असतात, फोनवर खोकतात,
विचारतात : मशीन नेमकं काय करतं,
एका ओळीत सांगा.

साखळी करतंय की हो, आण्णा म्हणाले.
तसं नाही. तार ओढतं, की दागिना घडवतं?
दोन्हीला वेगळा आकडा. चुकला तर दंड.
कंटेनरचं भाडं तर रोज चढतंय.

हुपरीत शेंबडं पोरसुद्धा सांगेल
पैंजणाला डाग कुणाच्या हातचा,
पण आठ आकड्यांत
कुणी कधी विचारलं नव्हतं.

आण्णांनी फोन ऐरणीशी टेकवला,
चिमट्यानं एक कडी वळवली,
दुसरीत अडकवली, फुंकणीनं डाग दिला.
आलं ऐकू? हे करतंय.
मिनिटाला तीनशे.
आणि स्वतःच गप्प झाले.

पलीकडे खोकला नाही.
नुसते कागद.
मग हळूच : सापडलं. घ्या लिहून.

मंगळवारी ट्रक तावडे हॉटेलपाशी वळला.
खोक्यावर इटलीचं गाव, आमचं आडनाव चुकीचं,
चिकटवलेल्या कागदावर पिंग्यांची सही :
शेवटचं अक्षर गोल वळून
उघडंच राहिलेलं,
डाग द्यायच्या आधीच्या कडीसारखं.