चौथी ओळ

काळी मारबत गल्लीच्या तोंडावरून गेली तेव्हा
मी गॅलरीत उभी, सुपात सांभाराच्या काड्या.
खाली पोरं ओरडत होती,
खोकला घेऊन जा गे मारबत,
लाइटचं बिल घेऊन जा, खड्डे घेऊन जा,
आणि ती चालली होती, निमूट,
अख्ख्या नागपूरचं गाऱ्हाणं पोटात घालून
जळायला.

मी काही ओरडले नाही.
माझी तक्रार मी रीतसर दिली होती,
दोन वर्षांपूर्वी, महापालिकेत,
तीन प्रतींत, पोच घेऊन.

अर्जात चार ओळी.
जिन्याखाली इस्त्रीचं टेबल लागतं. खरं.
कोळशाचा धूर वर येतो. खरं.
आमच्या ह्यांना दमा आहे. तेही खरं, तेव्हा हे होते.
चौथी मी संध्याकाळी जोडली,
अर्ज जरा हलका वाटला म्हणून:
सदर इसम टेबलाखाली दारू ठेवतो.

आठव्या दिवशी गाडी आली.
टेबल उचललं, इस्त्री उचलली,
कपडे रस्त्यावर. त्यात ह्यांचा पांढरा झब्बा.
धूर थांबला.
दमा काही थांबला नाही.

दशलक्षणाच्या पहिल्या दिवशी, इतवारीच्या मंदिरात,
माताजी म्हणाल्या, आलोचना म्हणजे
आपणच आपल्याविरुद्ध केलेला अर्ज.
बायकांनी माना डोलावल्या.
मी तीस वर्षं शाळेत शुद्धलेखन तपासलेलं,
लाल शाई नेहमी दुसऱ्याच्या वहीवर.
त्या रात्री पहिल्यांदा वाटलं
की ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर असूनही
वाक्य चुकलेलं असू शकतं.

क्षमावाणीला सगळ्यांनी सगळ्यांना हात जोडले.
मोबाइलवर एकसष्ट निरोप, जोडलेल्या हातांचं तेच ते चित्र.
पुण्याच्या नणंदेच्या जावेनेही क्षमा मागितली.
तिचं माझं भांडण व्हायला
आधी ओळख तरी हवी होती.

जेवण तसंच झाकून ठेवलं, ऑटो केला.

मंसाराम बरेठे पारडी नाक्याच्या पुढे,
पंक्चरवाल्याच्या शेडमध्ये अर्धी जागा घेऊन.
"या नखातेबाई," म्हणाला. उठला नाही.
घोकून नेलेलं सगळं घशात राहिलं.
एवढंच निघालं, "ती चौथी ओळ खोटी होती."

"कोनती ओळ?"

त्याला माहीतच नव्हतं.
अर्ज त्याला कोणी दाखवलाच नव्हता.
दोन वर्षं तो बिचारा धुराला दोष देत होता,
आणि मी, हलकी व्हायला आलेली,
माझं ओझं त्याच्या टेबलावर ठेवत होते.
पण आता अर्ध्यात गिळता येईना. सांगितलं.

"दारू?"
इस्त्री त्यानं उभी केली.
"माहा बाप दारूनं मेला, बाई.
म्या थेंब नाई शिवला आजवर."
मग बराच वेळ नुसता कोळसा तडतडला.
"म्हनून तो शिपाई टेबलाखाली वाकून वास घेऊन राहिला होता.
आन् मले वाटे, कोळसा पाह्यते."

मी हात जोडले. माफ कर म्हटलं.
त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं, नव्या साडीकडे पाहिलं.
"आज तुमचा सन हाय का?"
"हो."
"मंग उद्या या."

परतताना आधी राग आला, खोटं कशाला बोलू.
मंदिरात कशी चटकन मिळाली होती,
पेढ्यासारखी, हातावर.
गांधीबागेपर्यंत राग पुरला.
पुढे रस्ता उरला, राग नाही.

आज कुठलीच तिथी नाही.
मोबाइल गप्प. साडी रोजची.
पिशवीत महापालिकेला लिहिलेला कागद, तीन प्रती,
त्यात एकच ओळ,
खाली माझी सही.

तो शाळेच्या गणवेशाची कॉलर दाबतो आहे.
वर न बघता म्हणाला, "बसा, एवढं होऊ द्या."
वारा फिरला, धूर सगळा माझ्याकडे.
डोळे चुरचुरले.
स्टूल सरकवायला जागा होती.
मी सरकवलं नाही.