डावी बंदूक

वाळपई ठाण्याच्या टेबलावर फॉर्म.
निवडणूक आली की बंदुका जमा करायच्या,
मतं मोजून झाली की घेऊन जायच्या.
रकाना सातवा, शस्त्रांची संख्या.
मी लिहितो, एक.
हवालदार जुन्या बाडावरून बोट फिरवतो.
"झर्मेकरांच्या दोन दिसतात."

दिसणारच. थांबा, सांगतो.

पुर्तुगेज जाऊन तीनेक वर्षं झाली होती.
बाबा पारधीला निघायचे दोन बंदुका घेऊन,
उजव्या खांद्यावर ठासलेली,
डाव्या खांद्यावर रिकामी,
नळीच्या तोंडात काथ्याचा बोळा.
डावी पुतूकाकाची. काका पिसुर्ल्याच्या खाणीवर
ट्रकखाली गेला, त्याच्या खिशात
तेव्हा अर्धी विडी होती, एवढंच मला आठवतं.

पारधीचा कायदा कुठे लिहिलेला नव्हता.
आधी देवचाराला रोट,
मग रान.
डोकं, ज्याच्या गोळीने पडलं त्याला.
एक फरा गावकाराला.
हाकाऱ्यांना एकेक वाटा, कुत्र्याला अर्धा,
आणि बंदुकीला एक, मग ती उडो न उडो.

बंदुकीला. माणसाला नव्हे.
बाबांनी तेवढंच नेमकं ऐकलं होतं.

दोन वर्षं सागाच्या पानांत दोन वाटे यायचे,
एक आमच्या चुलीकडे,
एक वईवरून काकीकडे.
कुणी मारलं, तिने कधी विचारलं नाही.
सुंभ तेवढा गुंडाळून परत पाठवायची.

तिसऱ्या वर्षी एकच डुक्कर पडलं, तेही रोड,
आणि घरं सतरा.
जिवलो मळीक वाटे मांडता मांडता थांबला.
"सगुण, दोन बंदुका नेणारा
पहिली गोळी वाया घालवतो."
"डावी ठासलेली नाही," बाबा म्हणाले.
"मग ती काठी झाली.
काठीला वाटा कसला?"
सगळे मांसाकडे बघत राहिले. माश्याही तिथेच.
"बंदुकीला पाय हवेत," जिवलो शेवटी म्हणाला,
"तिचे स्वतःचे."
प्रश्न मिटला असं त्याला वाटलं असणार.

पुढच्या पारधीला काकी आली.
लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, अनवाणी,
बंदूक काखेत, लाकडाची मोळी धरावी तशी.
मागून कुणीतरी विटाळाचं पुटपुटलं.
जिवलोने देवचाराच्या दगडाकडे पाहिलं.
दगड काही बोलला नाही.
मग त्याने तिला सगळ्यांत वाईट जागा दिली,
ओहोळाच्या खालची,
जिथून कधीच काही उतरत नाही.

त्या दिवशी अख्खं रान तिथूनच उतरलं.
हाका, ढोल, कुत्री, आणि सगळ्यांच्या पुढे
मानेवरचे केस ताठ झालेला डुकराचा नर.
ठासायला आणि नेम धरायला
तिला कुणी शिकवलंच नव्हतं.
ती बाजूला झाली,
डोईवर घागर असलेल्या बाईला
पाणंदीत वाट द्यावी तशी.

रिकाम्या हातांनी परतले सगळे.
शिव्या फार झाल्या. त्यातल्या काही बाबांना.
पण जिवलोने बसून मोजलं, मोठ्याने:
माणसं एकवीस, कुत्री पाच,
बंदुका नऊ.
मागच्या खेपेला आठ म्हणाला होता.

पुढे शिकारच बंद झाली.
सरकारने सगळ्यांचे वाटे एकसारखे केले, शून्य.
उरल्या त्या काजूच्या बागेपुरत्या बंदुका,
माकडं पळवायला, डुकरांना आवाज ऐकवायला.

तर हवालदार, पान उलटा.
नाव वेगळं आहे बघा. अंगठा आहे.
दोन नाहीत त्या,
एक, आणि एक.

ती बाहेर बाकावर बसली आहे,
पंच्याऐंशीची. गुडघे गेलेत.
बसमधून उतरताना म्हटलं, काकी, दे, मी धरतो.
म्हणाली, सोड,
एका माणसाने दोन नेऊ नयेत.

बोळा तेवढा काढू नका.